खाचर मोडायची पडकई

आमच्या वाडीत आपत्तीचा पहिला सराव झाला तेव्हा मावशी बियाण्याचं गाडगं कडेवर घेऊन शाळेत आल्या. बाकीच्यांनी काय काय आणलं ते विचारूच नका. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी आधी सगळं नीट समजावून सांगितलं होतं. शाळेची घंटा सलग वाजत राहिली की डोंगर सरकतोय असं धरायचं, हातातलं काम टाकायचं आणि ओढ्यापलीकडच्या टेपाडावर, शाळेच्या पटांगणात जमायचं. बरोबर काहीही घ्यायचं नाही, नुसता जीव घेऊन यायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मी घंटा बडवायला घेतली, आणि अख्खी वाडी आधी उलट्या दिशेला, म्हणजे आपापल्या घराकडे, पळाली.

जरा वेळाने एकेक जण यायला लागला. शेळ्या आल्या, डालग्यातल्या कोंबड्या आल्या, एका भाऊंनी टीव्ही चादरीत बांधून पाठीवर आणला. एक म्हातारबाबा कुलूप घेऊन आले. घाईत दाराला लावायचं राहून गेलं म्हणून ते तसंच हातात धरलेलं. साहेब कपाळाला हात लावून उभे होते. सगळ्यात शेवटी मावशी आल्या, अजिबात न पळता, गाडग्याला पदराने झाकून.

"मावशी, काही आणायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना?" मी जरा चढ्या आवाजातच म्हणाले. घंटा बडवून माझे हात दुखत होते.

"मी कुटं काय आणलंय?" त्या म्हणाल्या. "बी हाय नव्हं ते."

मी मूळची राजुरीची. आमचा भाग सपाट. आमच्याकडे पाणी म्हणजे मोटार आणि लाईट, लाईट असली की पाणी आणि नसली की शिव्या. डोंगर आम्हाला लांबून दिसतो, तोही निळसर, चित्रातला वाटावा असा. शिक्षिका झाले आणि माझी नेमणूक आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या कुशीतल्या या वाडीवर झाली. पहिल्या दिवशी जीपमधून उतरले आणि वर बघितलं, तर मान पाठीला टेकल्याशिवाय माथा दिसेना. घरांच्या पाठीमागे परसाऐवजी डोंगर होता. त्या दिवशी मला खरंच भीती वाटली. भीतीबरोबर आणखी काहीतरी वाटलं, ज्यामुळे मी चहा गार होईपर्यंत नुसती वर बघत बसले.

मावशी माझ्या घरमालकीण. एकट्या, मालक जाऊन बरीच वर्षं झालेली, दोन्ही मुली लग्न होऊन दूर गेलेल्या. खोली बघायला गेले तेव्हाच मी सांगून टाकलं की आम्ही बौद्ध आहोत. मागाहून कळून कोणाचं तोंड वाकडं व्हायला नको, हा माझा खाक्या. मावशींनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "भात खाती का भाकर?" मी म्हणाले, दोन्ही. "मंग ऱ्हा की," त्या म्हणाल्या, आणि व्यवहार संपला.

त्या भाताविषयी मला सांगितलंच पाहिजे, कारण पुढचं सगळं त्या भातापाशी येऊन थांबतं.

या भागात सपाट जमीन देवाने दिलेली नाही, माणसांनी केलेली आहे. डोंगराचा उतार वरच्या अंगाने खोदायचा, ती माती खालच्या अंगाला ओढायची, खालून दगडाचा बांध रचायचा, त्याला हे लोक ताल म्हणतात. असं करत करत उताराची पायरी होते. ती पायरी म्हणजे भाताचं खाचर. एकट्यादुकट्याचं हे काम नव्हे. म्हणून पडकई. आज सगळी वाडी माझ्या रानात, उद्या तुझ्या, परवा तिसऱ्याच्या. रोजंदारी नाही, ज्याचं रान त्याने जेवण घालायचं एवढंच. उन्हाळ्यात मी पहिल्यांदा टेपाडावरून समोरचा डोंगर पाहिला, तर खालपासून वरपर्यंत पायऱ्याच पायऱ्या. मी विचारलं, हे कोणी केलं? कोणालाच उत्तर देता येईना. कोणी केलं म्हणजे काय, सगळ्यांनीच केलं. पहारी आणि पाट्या घेऊन, पिढ्यान्‌पिढ्या. मी पोरांना वर्गात इमारतींची चित्रं दाखवत होते आणि खिडकीबाहेर हे उभं होतं. माझं मलाच हसू आलं.

मावशींचं खाचर या सगळ्यात वरचं, बरोबर वाडीच्या डोक्यावर. त्यांचं लग्न झालं त्यानंतरच्या उन्हाळ्यात पडकईने केलेलं. पहिला दगड मालकांनी ठेवला, पहिली पाटी मावशींनी टाकली. त्या खाचराची कीर्ती अशी की त्याचं पाणी आटत नाही. पावसाने मध्येच दडी मारली, बाकीच्यांची खाचरं भेगाळली, तरी मावशींच्या खाचरात पाय घोट्यापर्यंत बुडायचा. त्याचा भात शिजायला लागला की वास शाळेपर्यंत यायचा, आणि हे मी कौतुकाने वाढवून सांगत नाही, दुपारी पोरांचं लक्ष उडायचं. बायका हेवा करायच्या. मावशी म्हणायच्या, "डोंगर सोता पाजतो त्याला." मी दोन्ही वेळा तोच भात खात होते आणि मनात म्हणत होते, खरं आहे बाई, डोंगर पाजतोच.

आमच्याच तालुक्यात पूर्वी एक गाव डोंगराखाली गेलं, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. ज्यांचं गेलं त्यांनीच ते सांगावं. पण त्यानंतर इकडच्या प्रत्येक वाडीत एक सवय लागली. मोठा पाऊस झाला की कोणीतरी वर जाऊन डोंगर बघून यायचं. त्या वर्षी पावसाळा सरता सरता गुरं चारायला गेलेल्या एका भाऊंना मावशींच्या खाचराच्या बऱ्याच वर गवतात एक भेग दिसली. आडवी, लांबच लांब, आत पाय जाईल एवढी रुंद. त्यामुळे भात झोडून झाल्यावर तो पहिला सराव, आणि थंडीत एक मॅडम.

मॅडम पुण्याहून आलेल्या, डोंगराचा अभ्यास केलेल्या. वय कमी, हातात हातोडी, पायात चिखलाने भरलेले बूट. वाडीने त्यांना मातीवाल्या मॅडम करून टाकलं. त्यांनी भेग पाहिली, दगड ठोकले, झरे कुठे कुठे फुटतात ते विचारलं, आणि उतरताना मावशींच्या खाचरात थांबल्या. आजूबाजूच्या खाचरांत धूळ उडत होती आणि इथे बुटाला चिखल लागत होता.

"पाणी कदी आटत न्हाई, मॅडम!" दोन-तीन जण एकदमच म्हणाले. पाहुण्यांना दाखवायची वाडीतली ती खास गोष्ट होती.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी वरच्या अंगाला बघितलं, खालच्या घरांकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "हे खाचर करायच्या आधी इथे काय होतं?"

म्हातारी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी मावशीच म्हणाल्या, "वघळ व्हता."

ओघळ, म्हणजे डोंगरावरचं पाणी उतरायची घळ. तिथे दगड रचून, माती भरून खाचर केलेलं होतं. वरून येणारं पाणी छोटा बांध घालून बाजूला वळवलेलं होतं, आणि ते वळवल्याचा सगळ्यांना केवढा अभिमान होता. चूक म्हणावी तर ही अशी, की ती करायला अख्ख्या वाडीची मेहनत लागली होती. इतर कोणाला ती जमलीच नसती. जिथे ओल जास्त तिथे भात चांगला, हे त्यांचं गणित बरोबरच होतं. फक्त ती ओल कुठून येते आणि कुठे जायची होती, हे विचारायची वेळ कधी आली नव्हती.

मॅडमनी फार सोप्या भाषेत सांगितलं. धान्याचं पोतं भिजलं की जड होतं आणि मग खालून उसवतं. पाण्याची जुनी वाट बंद आहे, म्हणून ते डोंगराच्या पोटात मुरतंय, डोंगर जड होतोय, आणि वर तो उसवायला लागलेला आहे. पाण्याला त्याची वाट परत द्या. भेगेच्या खालून थेट ओढ्यापर्यंत. आणि फार पाऊस लागला तर घरं सोडून टेपाडावर जा, वाट बघत बसू नका. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला घरं. वाट द्यायची तर ती मावशींच्या खाचराच्या मधूनच जात होती. खाचर राहणार नव्हतं.

ग्रामसभेत सगळे बोलले, मावशी सोडून. सरपंच म्हणाले, मशीन मागवू, दुपारपर्यंत काम उरकेल. दुसऱ्या कोणीतरी मावशींना आपल्या खाचरातला तुकडा देऊ केला. मावशींनी सगळं ऐकून घेतलं, लुगड्याचा काठ सारखा केला आणि उठताना एवढंच म्हणाल्या, "माज्या खाचरात मशीन उतरायचं न्हाई." सगळ्यांनी त्याचा एकच अर्थ घेतला. मीही तोच घेतला.

मी रागीट आहे, हे आमच्या घरी कोणीही सांगेल. त्या दिवशी घरी आल्यावर मी मावशींशी भांडले. म्हणाले, खाली माणसं राहतात, पोरं राहतात, माझ्या वर्गातली पोरं, आणि तुम्ही एका खाचरासाठी अडून बसलात? मावशी भाताचं आधण ठेवत होत्या. त्यांनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं आणि विचारलं, "तुमच्या राजुरीला कुनी म्हणलं, आपली हीर बुजवा, तर बुजवशील?"

मला आमची विहीर आठवली. आजोबांनी सुरुंग लावून खोदलेली, आजीने दगड उचललेली. कोणाच्या बांधावरून पाणी मागायला लागू नये म्हणून खोदलेली.

त्यानंतर आमच्यात अबोला झाला. भात मात्र दोन्ही वेळा ताटात यायचा.

होळी झाल्यावर दुसरा सराव ठरला. या वेळी मी हट्टालाच पेटले होते. घरोघर जाऊन बजावलं, टीव्ही दिसला तर फोडून टाकीन. कुलूपवाल्या बाबांना सांगितलं, कुलूप आत्ताच्या आत्ता माझ्याकडे द्या. ते देईनात, पण हसले. सकाळी कामाची वेळ होती. मी घंटा बडवली, आणि काय सांगू, माणसं सरळ आली. ओढा ओलांडून, टेपाड चढून, रिकाम्या हातांनी. गुरं दावणीची सोडून दिली होती, ती आपली आपण वर आली. कुत्रीसुद्धा आली. मावशी आल्या. गाडगं नव्हतं.

"बी?" मी विचारलं. अबोला मोडावा म्हणून विचारलं, दुसरं काही नाही.

"ऱ्हायलं घरात. तूच म्हणली ना काय आणू नका."

साहेब खूश होते, कागदावर काहीतरी लिहीत होते. पोरं दंगा करत होती. मावशी पटांगणाच्या कडेला जाऊन बसल्या, वाडीकडे तोंड करून. त्यांचं असं बसणं मला नवीन होतं, म्हणून मीही शेजारी जाऊन बसले आणि समोर बघितलं.

समोर आमची वाडी होती आणि तिच्यात कोणी नव्हतं. दारं उघडी, अंगणं रिकामी, एकाही घरातून धूर नाही, कोणाची हाक नाही, भांड्याचा आवाज नाही. मी तिथे राहायला आल्यापासून वाडी अशी कधी पाहिली नव्हती, आणि कोणीच पाहिली नसणार, कारण वाडी रिकामी असेल तेव्हा बघायला कोण असणार? घरांची ती ओळ, तिच्या बरोबर वर मावशींचं खाचर, त्यावर तो अफाट डोंगर. इतका मोठा, इतका गप्प, की घरं त्याच्या पायाशी कोणी विसरून गेलेल्या वस्तूंसारखी दिसत होती.

"पोरी," मावशी म्हणाल्या, "आमी नसल्यावं वाडी आशी दिसंल का गं?"

मी त्यांचा हात धरला. बराच वेळ त्या एकेका घराकडे बघत होत्या, आणि ओठ हलत होते. कोण कोण राहतं ते त्या मनातल्या मनात म्हणत असाव्यात. मग उठल्या, पदर झटकला आणि इतरांच्या आधी खाली उतरायला लागल्या.

त्यानंतर राब भाजायचे दिवस आले. भाताचं रोप जिथे टाकायचं तो तुकडा आधी पालापाचोळा आणि शेण पसरून भाजतात, त्याला राब म्हणतात. सगळ्या डोंगरावर धुराच्या रेघा उठल्या. एका सकाळी माझ्या लक्षात आलं की मावशींच्या राबावर धूर नाही. मी विचारलं, बरं नाही का? मी भाजू का राब?

"बी टाकून काय करू?" त्या म्हणाल्या. "खाचर कुटं हाय?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. त्यांनी बियाण्याचं गाडगं आधीच शेजारच्या घरी नेऊन दिलं होतं. तुमच्या राबात टाका, म्हणून. आणि त्या संध्याकाळी त्या घरोघर गेल्या. प्रत्येक दारात उभ्या राहून त्यांनी, पडकईला बोलवायची इथली जशी रीत आहे, तसंच बोलावणं केलं, "उद्या आमच्याकडं पडकई हाय, या." बस्स. लोकांना आधी कळेचना. या वयात मावशी कुठलं खाचर करायला निघाल्या? मग एकेकाला समजलं. सरपंच चाचरत म्हणाले, "मावशे, मशीन सांगू का? कष्ट वाचतील."

"मशीन न्हाई म्हणलं व्हतं ना मी," मावशी म्हणाल्या. "मोडू नका कुटं म्हणलं व्हतं? हातानी केलंय, हातानी मोडायचं. आन माती वाया घालवायची न्हाई. ज्याला पायजे त्यानं न्यावी."

म्हणजे ग्रामसभेत आम्ही सगळे मूर्ख ठरलो होतो. मी तर सगळ्यात मोठी, घरी जाऊन वर भांडलेही होते.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास ढोल वाजला. पडकईला ढोल वाजवायची पद्धत आता मागे पडली होती, पण कुलूपवाल्या बाबांनी तो काढून चुलीवर शेकून ठेवला होता. सगळी वाडी वर आली. मातीवाल्या मॅडमही आल्या. त्यांनी चुन्याने आखून दिलं, कुठून कुठे, केवढं रुंद, केवढं खोल. मग त्यांनी बूट काढले आणि पाट्या वाहणाऱ्या बायकांच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

आधी माती. काळी, भुसभुशीत, वर्षानुवर्षं शेण, राख, पाला घालून केलेली. मावशी स्वतः पाट्या भरून देत होत्या. ज्याच्या त्याच्या खाचरात ती माती जात होती, खाली, उजवीकडे, ओढ्याकाठी. मी एकेका पाटीबरोबर उतरत होते आणि चढत होते. राजुरीच्या पायांना ते झेपत नव्हतं. बायका माझी थट्टा करत होत्या, "बाई, सायेबाची जीप बोलवू का?" मी तोंडाने सडेतोड उत्तर देत होते, पण दम लागल्यामुळे ते कोणाला ऐकू जात नव्हतं.

मग पाणी वळवणारा वरचा बांध फोडला आणि ताल काढायला घेतला. दगड हातोहात खाली जात होते. तळातला एक दगड आला तेव्हा मावशी म्हणाल्या, "थांबा." तो मालकांनी ठेवलेला. त्या त्याच्यापाशी बसल्या, त्याच्यावर हात फिरवला आणि रडल्या. मोकळ्या गळ्याने, सगळ्यांसमोर. ढोल थांबला. कोणी समजूत घालायला गेलं नाही. रडून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "ह्यो माज्या दारात न्या. बाकी चालू द्या."

दुपारच्या सुमाराला पहारी खणखणायला लागल्या. माती संपली होती. आणि तिच्या खाली ओघळ होता.

जसाच्या तसा होता. गुळगुळीत गोलसर गोटे, एकमेकांना टेकून, वरून खालपर्यंत उतरत गेलेले. एवढी वर्षं माती, चिखल, भाताची मुळं डोक्यावर घेऊन ते आपल्या जागेवर पडून होते. गोट्यांच्या फटीतून पाण्याची बारीक धार येत होती, भर उन्हाळ्यात, कोणी न बोलावता. म्हाताऱ्या माणसांनी पहारी खाली ठेवल्या. कोणीतरी वाकून त्या पाण्याला हात लावला आणि कपाळाला लावला. दगडा-पाण्याला हात जोडायची माझी सवय नाही, आमच्या घरात तसली शिकवण नाही. पण मी चपला काढून बाजूला ठेवल्या. मॅडम माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "कागदावर काढलं होतं मी हे. पण असं असेल असं वाटलं नव्हतं."

मावशींनी जेवणाला त्याच खाचराचा शेवटचा भात घातला. सगळे पानावर बसले आणि वासाबद्दल कोणी एक शब्द काढला नाही.

त्या वर्षी आवणी, म्हणजे भाताची लावणी, अर्धी झाली असेल तेव्हा झड लागली. पाऊस थांबेचना. शाळेतल्या पर्जन्यमापकाची बाटली पोरं रिकामी करायची आणि ती परत भरायची. मोबाइलवर इशारे येत होते, पण त्याच्या आधीच वर डोंगर बघायला गेलेले भाऊ परत आले आणि म्हणाले, भेग रुंदावलीय. भर दिवसा मी घंटा हातात घेतली. या वेळी थट्टा नव्हती. माणसं आली, गुरं आली, सगळ्यांच्या डोक्यावर पानांची इरली. मी एकेक घर आठवून माणसं तपासली. सगळी होती. माझा जीव भांड्यात पडला, आणि मग आम्ही सगळे व्हरांड्यात दाटीवाटीने उभे राहून समोर बघत राहिलो.

आधी आवाज आला. तो कानांना नाही, पायांना कळला, व्हरांड्याच्या फरशीतून. मग धुक्यातून डोंगराचा एक लचका सुटताना दिसला. झाडं उभीच्या उभी खाली निघाली. कोणीतरी किंचाळलं. ते सगळं, माती, पाणी, दगड, वाडीच्या डोक्यावर आलं, आणि ओघळात शिरलं. तांबडं पाणी उसळत, घराएवढ्या धोंड्यांना ढकलत, मावशींचं खाचर जिथे होतं तिथून, घरांच्या बाजूने खाली गेलं आणि ओढ्यात पडलं. येतच राहिलं, येतच राहिलं. मी जन्मात एवढी ताकद पाहिली नाही. कडेच्या घराची पडवी गेली, एक गोठा गेला. बाकी घरं उभी होती. त्यांच्या शेजारून डोंगर वाहत होता आणि ती उभी होती.

मावशी माझ्या पुढे होत्या. मी विचारलं, "मावशी, वाईट वाटतंय?"

"लई वाईट वाटतंय," त्या म्हणाल्या. "पर बघ की गं. बघ की कसं चाललंय ते."

त्यांच्या तोंडाकडे बघितलं तर दुःख होतं, आणि एक पोरासारखं नवलही होतं. अख्खी वाडी तशीच बघत होती.

पाऊस ओसरल्यावर राहिलेली आवणी सुरू झाली. त्या वर्षी मावशींना स्वतःचं खाचर नव्हतं. त्या शेजारच्यांच्या खाचरात रोपं लावायला गेल्या, मीही शाळा सुटल्यावर गेले. रांगेत सगळ्या बायका वाकलेल्या. मावशी चिखलातून मागे मागे सरकत होत्या आणि एकदम थांबल्या. एक पाय जरा पुढे टाकला, परत मागे घेतला, बोटांनी चिखल चाचपला.

"पोरी, हिकडं ये. हितं पाय ठीव."

मी ठेवला. चिखल होता. थंड, मऊ, घोट्याच्या वर आलेला.

"काय आहे?"

"माजी माती हाय ही," त्या म्हणाल्या. "हितनं तितपतूर."

मी पाय इकडे तिकडे फिरवून बघितला. मला काहीच फरक कळेना. मावशी हसल्या, किती दिवसांनी तशा हसल्या. "तुला न्हाई कळायचं. तू राजुरीची." शेजारीण पलीकडून ओरडली, "मावशे, रोपं बी तुमच्याच बियाची हाईत बरं का!"

मावशींनी मुठीतली रोपं सोडवली, वाकून त्या मातीत लावली आणि एक पाऊल मागे सरकल्या, कारण खाचर अजून बरंच लावायचं बाकी होतं.